भिंतीवर ४५४ कोटी वर्षे: उदगीर तालुक्यातल्या एका शाळेच्या कालपट्टीच्या नोंदी

४ नोव्हेंबर. भिंत आणि प्रमाण

पृथ्वीच्या इतिहासाची कालपट्टी रंगवण्यासाठी शाळेच्या पूर्व हद्दीची कुंपणभिंत घेतली आहे. लांबी ४९ मीटर, उंची १.८ मीटर, ९ इंची विटांची, दर ३ मीटरला खांब. रंगवायची बाजू आतली, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेली. दुपारनंतरचे ऊन थेट तिच्यावर येते. ही गोष्ट रंग निवडताना फार महागात पडू शकते, त्याबद्दल पुढे.

पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. १ मीटरला १० कोटी वर्षे धरली की ४५.४० मीटर लागतात. मग १ सेंटिमीटरला १० लाख आणि १ मिलिमीटरला १ लाख. चौथीतल्या मुलालाही हा हिशोब तोंडी जमतो, म्हणून शक्य तिथे हेच प्रमाण धरा. भिंत निम्मीच असेल तर १ मीटरला २० कोटी धरा, पण प्रमाण पहिल्या टोकापासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा.

हे इतके ठासून लिहिण्याचे कारण आजची बैठक. सूचना आली की सुरुवातीच्या ४० मीटरमध्ये काढण्यासारखे काही नाही, तेवढा भाग १० मीटरमध्ये आटोपू आणि डायनासोरांना मोकळी जागा देऊ. पुस्तकातल्या बहुतेक तक्त्यांत तसेच असते. पण भिंत घ्यायची ती याचसाठी. पृथ्वीच्या इतिहासाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा आहे आणि तो किती मोठा आहे हे कागदावर कळत नाही, चालल्यावर कळते. ४० मीटर चालूनही एक हाड दिसत नाही, हे मुलांच्या पायांना समजले पाहिजे. सूचना मागे घेतली गेली.

९ नोव्हेंबर. शून्य कुठे आणि मोजणी कशी

शून्य, म्हणजे आज, फाटकाच्या बाजूला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की फाटक उजवीकडे येते, त्यामुळे काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि वाचायलाही सरळ पडते.

मोजणी मात्र उजवीकडून, शून्यापासून करायची. टेप जोडताना, सूत ताणताना थोडाथोडा फरक साठत जातो. शून्यापासून निघालो तर तो फरक जुन्या टोकाला जाऊन पडतो, आणि तिथे तारखांमध्येच कोट्यवधी वर्षांची सैल जागा आहे. उलट बाजूने मोजले तर २ सेंटिमीटरचा फरक माणसाच्या टोकाला येतो आणि आपली सगळी जातच पट्टीबाहेर जाते.

खांब भिंतीच्या पुढे साडेसात सेंटिमीटर आलेले आहेत. टेप भिंतीच्या अंगाने फिरवली तर प्रत्येक खांबामागे १५ सेंटिमीटर वाढतात. १५ खांबांत सव्वादोन मीटर, म्हणजे साडेबावीस कोटी वर्षे. म्हणून खांबांच्या तोंडांना टेकवून सूत सरळ ताणले, टेप सुतावर धरली आणि दर ५ मीटरला खिळा ठोकला. सुतावरची खूण आतल्या भिंतीवर गुण्या लावून उतरवायची. उभी रेघ ओळंब्यावर. आडवी रेघ पाण्याच्या नळीने, कारण जमीन फाटकाकडे उतरती आहे आणि भिंतीचा माथाही तिच्याबरोबर उतरतो. माथ्यावरून माप घेतले असते तर पट्टी तिरकी दिसली असती.

नायलॉनचे सूत ताणले की लांबते, खुणा हलतात. गवंड्याचे जाड सुती सूत चांगले. लोखंडी टेप सकाळी लावा.

पट्टीची रचना अशी: जमिनीपासून ४५ सेंटिमीटर रंगवायचे नाही, पावसाचे शिंतोडे तिथपर्यंत उडतात. त्या भागात खरे दगड बसतील. त्यावर २० सेंटिमीटरची अरुंद पट्टी, नाव ‘आपल्या पायाखालचे’. त्यावर १ मीटर उंचीची मुख्य पट्टी.

१४ नोव्हेंबर. खार

भिंतीवर जागोजाग पांढरी खार फुटलेली. जुना गिलावा बोअरच्या पाण्यात झालेला, पाणी जड. वरून प्रायमर मारला तर तो वर्षभरात पापुद्रे धरणार. लोखंडी ब्रशने कोरडेच घासायचे, धुवायचे नाही. धुतले की क्षार पुन्हा विटेत मुरतात आणि सुकताना बाहेर येतात. घासून चार दिवस थांबलो, जिथे परत फुटली तेवढाच गिलावा ठोकून काढला. नवा गिलावा १:४ (सिमेंट : वाळू), पाणी टँकरचे. क्रश सँड वापरताना भुकटी जास्त असेल तर चाळून घ्या, नाहीतर केसासारख्या भेगा पडतात.

नव्या गिलाव्याला आठ दिवस पाणी मारून पुढे तीन आठवडे नुसते सुकू द्यायचे. ओल्या सिमेंटमधला क्षार रंग खातो. पेंटरला घाई असते, त्याला दुसरे काम द्या. हा वेळ दगड जमवण्यात घालवता येतो.

२० नोव्हेंबर. दगड: घरात आहेत ते आधी

पट्टीवर चित्रांपेक्षा दगड बोलतात. आणि लांब जावे लागत नाही. आपल्या भागात घराघरांत तीन-चार काळ पसरलेले असतात.

शहाबादी फरशी: भीमा खोऱ्यातला चुनखडक, प्रोटेरोझोइकच्या शेवटच्या भागातला, १०० ते ५४ कोटी वर्षांच्या दरम्यानचा. ओट्याचा कडप्पा: तोही बहुतेक वेळा काळसर चुनखडकच, कॅम्ब्रियनच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या काळाच्या) आधीच्या समुद्रातला. दोन्हींचे तुकडे फरशीच्या दुकानामागे पडलेले असतात, मागितले तर फुकट मिळतात. या दोन्हींत शंख-शिंपले शोधायला लावू नका. हा गाळ साचला तेव्हा कवच असलेले प्राणी नव्हते. चुनखडक म्हणजे शिंपल्यांचा चुरा, असे सरसकट शिकवले जाते, तिथे हा तुकडा उपयोगी पडतो.

ओळखण्याची चाचणी: खिळ्याने खरवडून पांढरी भुकटी करा, तिच्यावर लिंबाचा रस. बुडबुडे येतात. अखंड फरशीवर लिंबू पिळले तर फार हळू येतात आणि मुले ‘काही होत नाही’ म्हणून उठून जातात. भुकटी करणे सोडू नका.

फरशीच्या पापुद्र्यात कधी कधी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी मिळते. ती वनस्पती नाही. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने सोडलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडची ती वाढ आहे. खरे पान एका जागी देठ, मधली शीर आणि कडा दाखवते. ही नक्षी भेगेच्या कडेपासून आत फुटत जाते. असा एक तुकडा मुद्दाम ठेवला आहे, ‘जीवाश्म नाही’ अशा पाटीसह.

२६ नोव्हेंबर. देगलूरकडचा दगड

उदगीरहून देगलूरकडे जाताना काळा पाषाण संपतो आणि तांबूस-करडे, गोलसर धोंडे सुरू होतात. ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. हा द्वीपकल्पाचा जुना पाया, वय अडीचशे कोटी वर्षांच्या वर. पट्टीवर तो २५ ते २७ मीटरच्या दरम्यान बसतो. शेताच्या बांधावर काढून टाकलेला तुकडा मालकाला विचारून घेतला. वाहतूक ६०० रुपये.

३० × २० × १५ सेंटिमीटरचा तुकडा २४ किलो भरतो. भिंतीला लावणे धोक्याचे. फरशीवाल्याच्या कटरवर ४ सेंटिमीटर जाडीची चकती काढून घेतली की साडेसहा किलो होते. एक बाजू घासून घ्या, दुसरी तशीच खडबडीत. पट्ट्यापट्ट्यांची घडी घासलेल्या बाजूवर ओल्या हाताने पुसल्यावर स्पष्ट दिसते.

बेसाल्टसाठी, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासाठी, विहिरीचे डबर पुरे. विहीर खणणाऱ्यांना थर पाठ असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा दगड), मग घट्ट पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा. हा लाल पट्टा सोडू नका. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत त्याच्या माथ्यावर हवापाण्याने झालेला तो बदल आहे. म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. मांजऱ्यातल्या पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक भरलेले असतात, बहुतेक झिओलाइट, काही कॅल्साइट. ते लाव्हा थंड झाल्यानंतर पाण्याने भरले, लाव्ह्याबरोबर आलेले नाहीत. साफ करायला ॲसिड वापरू नका, मऊ ब्रश आणि साधे पाणी.

जांभा उदगीरच्या पठारावरच मिळाला.

लेणी, किल्ले, देवळे आणि लोणारच्या परिसरातून खडाही उचलू नका.

३० नोव्हेंबर. ‘डायनासोरची अंडी’

दगड जमवण्याचे आवाहन केल्यावर तीन-चार घरांतून गोल दगड आले. थरावर थर, कांद्यासारखे सुटणारे. प्रत्येक वेळी दावा एकच. हा बेसाल्टचा झिजण्याचा प्रकार आहे: भेगांनी चौकोनी तुकडे पडतात, पाणी कोपरे आधी खाते, आत गोल गाभा उरतो. लाव्ह्याच्या थरात अंडे टिकणारही नाही. खरी अंडी सापडतात ती लाव्ह्याच्या आधीच्या किंवा त्याच सुमाराच्या गाळात, लॅमेटा थरांत: गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली, मध्य प्रदेशात जबलपूर, धार. आणणाऱ्याला नाराज करू नका. गोल दगड फोडून दाखवा. आत सगळीकडे तोच बेसाल्ट, कवच नाही, गाळ नाही. एक अर्धा फोडलेला गाभा ०.६६ मीटरच्या, म्हणजे बेसाल्टच्या काळाच्या, खाली ठेवला आहे.

१५ डिसेंबर. पुट्टी, प्रायमर, रंग

क्षेत्रफळ ५५ चौरस मीटर. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ४० किलो, प्रायमर ५ लिटर, बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन १० लिटर, त्यात मिसळायला स्टेनर. डिस्टेंपर स्वस्त पडतो पण पहिल्याच पावसात ओघळतो.

स्टेनरपैकी लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड, काळा आणि हिरवा ऑक्साइड एवढेच. हे उन्हात टिकतात. भडक लाल, जांभळा आणि गुलाबी पश्चिमेच्या उन्हात एका उन्हाळ्यात फिकट होतात. भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात प्रत्येक काळाला ठरलेला रंग आहे, त्यात जांभळे-गुलाबी बरेच. ते हुबेहूब उतरवण्याचा हट्ट सोडला. इथले रंग पदार्थाचे आहेत: आरंभीचा तप्त काळ गडद तपकिरी, लोह विरघळलेला समुद्र हिरवट, २४ मीटरच्या पुढे गंजाची छटा.

हा २४ मीटरचा बदल ठळक करा. २४० कोटी वर्षांच्या सुमारास हवेत ऑक्सिजन टिकू लागला. सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव तो त्याआधीपासून सोडत होते, पण समुद्रातले लोह आणि ज्वालामुखीचे वायू तो गिळत होते. ऑक्सिजनने लोह गंजून तळाला बसले, लोहखनिजाचे पट्टे झाले. इथे पेंटरने आकाश पहिल्या मीटरपासून निळे ओढले होते. तेवढा भाग पुन्हा रंगवला, अर्धा दिवस आणि एक लिटर रंग गेला. कच्च्या आराखड्यावर प्रत्येक मीटरचा रंग लिहून पेंटरच्या हातात द्या, तोंडी सांगू नका.

२२ डिसेंबर. रेघा आणि कंस

खात्रीच्या तारखेला उभी रेघ, सैल तारखेला आडवा कंस. हा नियम सुरुवातीलाच ठरवा.

डावीकडून (आकडे शून्यापासूनचे मीटर): ४५.४० पृथ्वी. ४४.०० ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉनचे कण, पृथ्वीवरच तयार झालेला, आतापर्यंत सापडलेला सर्वांत जुना पदार्थ. ३४.८० पश्चिम ऑस्ट्रेलियातले स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांच्या चटयांनी बांधलेले थर. २४.०० ऑक्सिजन. १०.५० कॅनडात सापडलेले लाल शैवाल, लैंगिक प्रजननाचा फार जुना पुरावा. ७.२० ते ६.३५ या कंसात दोन महाहिमकाळ. ५.७५ एडिअकारन काळाचे मऊ अंगाचे जीव. ५.३९ कॅम्ब्रियन.

शेवटच्या ५.३९ मीटरमध्ये गर्दी सुरू होते. ४.७० जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू. ४.४५ पहिला महाविनाश. ३.७५ टिकटालिक, पायासारखे पर असलेला मासा. २.५२ सर्वांत मोठा महाविनाश, समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती गेल्या. २.३० डायनासोर. १.५० आर्किऑप्टेरिक्स. १.३० च्या आसपास कंस, फुलझाडे. ०.६६ महाविनाश. ०.५० भारत आशियाला भिडला, हिमालयाची उभारणी सुरू.

गर्दीतही प्रमाण ताणायचे नाही. पाट्या तीन उंचींवर लावून तिरक्या बारीक रेघांनी आपापल्या जागी जोडल्या. अक्षर ३ सेंटिमीटरचे, तीन-चार मीटरवरून वाचता येते. स्टेन्सिल जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडने कापले. पातळ प्लास्टिकचे स्टेन्सिल कडा उचलते आणि रंग आत घुसतो. स्पंजने टिपत रंग लावा, ब्रशने ओढू नका.

२८ डिसेंबर. डायनासोरांचे चित्र

कॅलेंडरवरून घेतलेल्या चित्रात स्टेगोसॉरस आणि टायरानोसॉरस एकाच हिरवळीवर. मोजून पाहा: स्टेगोसॉरस १.५० मीटरवर, टायरानोसॉरस ०.६७ वर. दोघांत ८३ सेंटिमीटर, आणि टायरानोसॉरस ते आपण फक्त ६७. चित्र पुसले. १.५० वर स्टेगोसॉरस एकटा, पायाखाली नेचे आणि सायकस. ०.६७ वर आयसिसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेला लांब मानेचा शाकाहारी.

हिरवळ स्टेगोसॉरसच्या पायाखाली चालणार नाही, पण आयसिसॉरसच्या काळात गवत होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्याच्या जीवाश्म शेणात गवताचे सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून गवत पहिल्यांदा तिथे काढले, तेही तुरळक झुपके. गवताळ माळ फार नंतरचे. परदेशी प्राण्यांऐवजी हे चित्र मुले जास्त वेळ बघतात, कारण गावाचे नाव ओळखीचे असते.

३ जानेवारी. दगड बसवणे

आधी टाइल अॅडेसिव्हने पुट्टीवरच चकती लावून पाहिली. दोन दिवसांत चकती पुट्टीचा पापुद्रा घेऊन खाली आली. अॅडेसिव्ह धरून होते, पुट्टीने भिंत सोडली. दगडाखाली पुट्टी, प्रायमर, रंग काहीही नको. गिलाव्याला छिन्नीने खाचा पाडून, ओला करून, अॅडेसिव्ह दाते असलेल्या थापीने ओढले आणि प्रत्येक चकतीखाली स्टेनलेसच्या दोन क्लिप. साधा खिळा पावसात गंजतो आणि चुनखडकावर तपकिरी ओघळ येतो.

दुसरी अडचण मापाची. बेसाल्टची चकतीच ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ३ कोटी वर्षे. दगडाच्या रुंदीला काळ समजू नये म्हणून सगळे दगड खालच्या न रंगवलेल्या भागात, आणि तिथून एकच बारीक रेघ वर आपल्या तारखेला.

कोळसा वणीकडचा, पर्मियन काळातला, २९.९ ते २५.२ कोटी वर्षे, ग्लॉसोप्टेरिससारख्या झाडांच्या दलदलीतून झालेला. हा कोळसा ओलावा धरून असतो. उन्हात ठेवला की भेगा पडून भुगा होतो. पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून पाहिला, आत ओल राहिल्याने वरचा थर पांढरा पडला. शेवटी ॲक्रिलिकची पेटी, तळाला दोन भोके, नाहीतर आत वाफ धरून काही दिसत नाही. पेटीजवळ एक टीप: याच काळाच्या आरंभी भारतावर बर्फ होते. चंद्रपूरजवळ इरई इथे हिमनदीने घासलेला चुनखडक आणि त्यावर हिमनदीने आणून टाकलेले गोटे आहेत.

झिओलाइट जाळीच्या पेटीत, चार स्क्रूंनी. चकाकणारा दगड उघड्यावर राहत नाही.

१० जानेवारी. ‘आपल्या पायाखालचे’

ही अरुंद पट्टी सगळ्यांत कमी कामाची आणि सगळ्यांत जास्त वेळ घेणारी ठरली, कारण ती जवळजवळ रिकामी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात वरून ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचे थर आणि मग थेट तो जुना स्फटिकी पाया, जो देगलूरकडे उघडा पडतो. पट्टीवर याचा अर्थ असा: २५-२६ मीटरच्या आसपास पाया, मग ०.६६ पर्यंत जवळजवळ काहीच नाही. जवळपास २५ मीटर, अडीचशे कोटी वर्षे. कॅम्ब्रियनचे समुद्र, कोळशाची जंगले, पहिले डायनासोर यांतले लातूरच्या जमिनीखाली काही लिहिलेले राहिले नाही. एकतर इथे साचले नाही, किंवा साचले ते झिजून वाहून गेले.

हा भाग फिकट करडा ठेवला आहे. मध्ये वाक्य एकच: ‘या काळाचा खडक इथे नाही.’ सुविचार लिहून जागा भरू, असे दोनदा सुचवले गेले. भरायची नाही. खडकांत मोठ्या फटी असतात आणि शास्त्रज्ञ एका गावची फट दुसऱ्या गावच्या खडकाने जोडतात, हे शिकवायला मराठवाड्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. फरशी कर्नाटकातून, कडप्पा आंध्रातून, कोळसा विदर्भातून का आणावा लागला, याचे उत्तर हीच करडी पट्टी देते.

आणि ०.६६ वरचा बेसाल्ट? मुख्य उद्रेकांचा काळ साधारण दहा लाख वर्षांच्या आतला, म्हणजे भिंतीवर एक सेंटिमीटर. किल्लारीचा ३३८ मीटर दगड, वेरूळ-अजिंठ्याचे कडे, सह्याद्रीतली दोन किलोमीटरची चळत, सगळे बोटाच्या रुंदीत. काळी रेघ १ सेंटिमीटर जाड आणि तिच्या आत बारीक लाल रेघ, मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या उल्केची. दोन्ही संकटे एकमेकांत मिसळलेली होती, म्हणून रेघा वेगळ्या करून शेजारी मांडू नका.

१३ जानेवारी. शेवटचा सेंटिमीटर

लोणारबद्दल प्रश्न येतोच: डायनासोर त्यानेच मेले ना? लोणारचे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे, आर्गॉन पद्धतीने निघालेले वय सुमारे ५.७ लाख वर्षे. भिंतीवर ५.७ मिलिमीटर. चिक्शुलूब तिथून ६५ सेंटिमीटर मागे. पाटीवर हे अंतर लिहिले.

आपली जात, होमो सेपियन्स, ३ लाख वर्षे: ३ मिलिमीटर. ब्रशची सर्वांत बारीक रेघ दीड मिलिमीटरची येते, त्यामुळे इथे ब्रश चालत नाही. शून्यापाशी स्टेनलेसची पट्टी स्क्रूने लावून तिच्यावर टोकदार पोलादी सुईने रेघा कोरल्या. शेवटच्या हिमयुगानंतरची ११,७०० वर्षे ०.१२ मिलिमीटर, साध्या कागदाच्या जाडीएवढी. अजिंठ्याची पहिली लेणी ०.०२ मिलिमीटर, सुईलाही जमत नाही.

म्हणून फाटकाच्या पलीकडे वेगळी, १ मीटरची पट्टी: शेवटचे १० लाख वर्षे, शंभरपट मोठे. तिथे १ मिलिमीटरला १,००० वर्षे. लोणार ५७ सेंटिमीटरवर, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीचा उद्रेक ७.४ सेंटिमीटरवर, अजिंठा २ मिलिमीटरवर. ही पट्टी मुख्य पट्टीला चिकटवू नका, रंगही वेगळा ठेवा, आणि ‘प्रमाण बदलले आहे’ हे वर मोठ्या अक्षरांत.

२० जानेवारी. खर्च

सिमेंट-वाळू १,८००. गवंडी आणि बिगारी ३,०००. पुट्टी ९००, प्रायमर ९००, इमल्शन ३,६००, स्टेनर १,१००. पेंटर ४,५००. दगडांची वाहतूक ६००. ॲक्रिलिक पेटी १,४००, जाळी ५००, टाइल अॅडेसिव्ह ४५०, स्क्रू-क्लिप २५०. एकूण १९,००० रुपये. गिलावा धड असेल तर पाचेक हजार वाचतील.

६ मे. भेगा

काळ्या मातीने उन्हाळ्यात अंग आखडले आणि भिंतीला ३१ आणि १८ मीटरच्या आसपास उभ्या भेगा पडल्या, वर बारीक, खाली ३ मिलिमीटर. नुसती पुट्टी भरली तर पुढच्या वर्षी तीच भेग परत. भेग छिन्नीने इंग्रजी व्ही आकारात १ सेंटिमीटर उघडली, धूळ फुंकून काढली, लवचीक क्रॅक फिलर भरला, वर फायबरची जाळी आणि मग पुट्टी. हे काम मेमध्येच करा. भेग तेव्हा सर्वांत जास्त उघडलेली असते. पावसाळ्यात माती फुगून ती मिटते आणि फिलर आत जातच नाही. नव्या भिंतीवर काम करणार असाल तर तिच्यात सांधा कुठे सोडला आहे ते आधी बघा आणि त्यावर पाटी येऊ देऊ नका.

दुरुस्तीनंतर १८ मीटरच्या खुणा शून्यापासून पुन्हा मोजल्या. ४ मिलिमीटर सरकल्या होत्या. चार लाख वर्षे. तिथल्या कंसात ती सहज सामावतात, म्हणून तशाच ठेवल्या.

१९ जुलै. पावसानंतर

इमल्शन टिकला. खालचा ४५ सेंटिमीटरचा भाग चिखलाने माखला, पाण्याने धुतला, दगडांना काही नाही. कोळशाच्या पेटीच्या भोकांतून मुंग्या शिरल्या. भोकांना बारीक जाळी लावली. फ्लेक्सवर छापलेली एक पाटी, तुलनेसाठी म्हणून लावलेली, सहा महिन्यांत निळसर पडली. पाट्यांसाठी फ्लेक्स नको. जांभ्याची चकती पाणी पिते आणि खाली लाल ओघळ सोडते. तिच्याखाली पाणी बाजूला काढणारी ॲल्युमिनियमची छोटी पन्हळ बसवली. भेगांच्या दुरुस्तीसह आतापर्यंतचा वाढीव खर्च २,१५०.

तारखांच्या पाट्या थेट भिंतीवर रंगवलेल्या नाहीत, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आहेत आणि दोन स्क्रूंवर बसतात. वये सुधारत राहतात. लोणारचे जुने वय पन्नास हजारांच्या आसपास धरले जायचे. त्या वेळी ही भिंत झाली असती तर पाटी शून्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर लागली असती. नवी तारीख आली की पाटी काढून सरकवायची, जुनी भोके भरायची. प्रत्येक छटेसाठी एका लिटर पांढऱ्यात किती मिलिलिटर स्टेनर घातला ते भिंतीच्या मागच्या बाजूला, माथ्याखाली लिहून ठेवले आहे.